गवताला फूल असतं का?
(उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर : एका रविवारची पायपीट)

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. आम्ही तीन-चार नोकरदार मिळून तो चालवतो. आम्ही स्वतः बी.कॉम., पोटापाण्यासाठी कारकुनी करणारे. त्यामुळे गणित, हिशेब आणि इंग्रजी आमच्याकडे, बाकीचे विषय ज्याला जमेल त्याच्याकडे, अशी वाटणी आहे. गेल्या सप्टेंबरातल्या एका रविवारी वर्ग सुटला, मुले चपला घालून पळाली, पण अकरावी सायन्सची एक मुलगी मागे रेंगाळत राहिली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, वर्गात हुशार म्हणून ओळखली जाणारी. तिची आई जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, वडील हातगाडी ओढतात.

"काका, सायन्स सोडून कॉमर्सला जाता येईल का?" तिने विचारले.

कारण विचारले तेव्हा बराच वेळ बोलली नाही. मग सांगितले. वर्गात फुलांचा धडा चालू होता. सरांनी फळ्यावर गवताच्या फुलाची आकृती काढली आणि भराभरा नावे लिहिली: स्पाइकलेट, ग्लूम, लेमा, पॅलिया, लॉडिक्यूल. हिने हात वर करून विचारले, "सर, गवताला फूल असतं का?" वर्ग हसला. सर म्हणाले, "एवढंही ठाऊक नाही तर सायन्सला आलीस कशाला?" त्या दिवसापासून तिने हात वर केलेला नाही. चाचणीत जीवशास्त्राला वीसपैकी चार गुण पडले.

वाचकहो, खरे सांगतो, आम्हालाही ते ठाऊक नव्हते. चाळिशी ओलांडली, पण गवताला फूल असते की नाही, असा विचार कधी मनात आला नव्हता. आणि दुसरी एक गोष्ट आठवली. दहावीनंतर आम्हालाही सायन्सला जायचे होते. "तुमच्यासारख्यांना कॉमर्स बरं, लवकर नोकरी लागते," असे सांगून एका शहाण्या माणसाने आम्हाला फॉर्म भरून दिला होता. नोकरी लागली, तक्रार नाही. पण त्या मुलीला "हो, बदलून घेऊ" असे म्हणायला जीभ उचलेना. आम्ही म्हटले, "आधी फूल बघू. मग काय ते ठरवू."

पंधरा दिवस आम्ही तिचे पुस्तक आणि ग्रंथालयातली दोन पुस्तके घेऊन बसलो. डोक्यात काही शिरेना. शब्दाला शब्द लागत होता, वस्तू दिसत नव्हती. तेव्हा ठरवले की बाहेर पडायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अभ्यासवर्ग विहारात न भरवता लोकलमध्ये भरवला. नऊ मुले, आम्ही दोघे, आणि त्या मुलीची आजी. आजीला कोणी बोलावले नव्हते. "गवत बघाया चाललाव ना? मग मी येते," म्हणाली आणि पिशवीत भाकरी बांधून निघाली. वस्तीतल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी डोळ्याला लावायचे भिंग दिले. एक टाचणी, एक ब्लेड, वह्या आणि पाण्याच्या बाटल्या, एवढे आमचे सामान.

उल्हासनगर : रुळांच्या कडेची हरळी

उल्हासनगर म्हटले की लोकांना बाजार आठवतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत जागा मिळाली, १९४९ साली गावाला हे नाव मिळाले आणि बराकींचे शहर झाले. आज इथे मातीच दिसत नाही, मग गवत कुठले, असे आम्हाला वाटत होते. पण प्लॅटफॉर्म जिथे संपतो तिथे उतरणीवर, खडी आणि गटार यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हरळी माजली होती. आम्ही तिथेच सुरुवात केली.

आधी गवत म्हणजे काय ते पाहिले. काडी उपटून मुलांनी हातात घेतली. तिला ठरावीक अंतरावर गाठी असतात. गाठीला पेर म्हणतात, दोन पेरांमधल्या भागाला कांडे. उसाला, बांबूला, ज्वारीच्या ताटाला असते तेच हे. ऊस, बांबू आणि ज्वारी ही सगळी गवतेच आहेत. पान पेरापासून निघते, पण लगेच बाहेर वळत नाही. आधी ते काडीला नळीसारखे गुंडाळून वर चढते, मग पाते होऊन बाजूला वळते. गुंडाळलेल्या भागाला पर्णावरक म्हणतात. जिथे पाते वळते तिथे आतल्या बाजूला एक बारीक पापुद्रा किंवा केसांची झालर असते, तिचे नाव जिव्हिका, म्हणजे छोटी जीभ. पावसाचे पाणी आणि धूळ पात्यावरून घरंगळून नळीत शिरू नये, याला तिचा उपयोग होतो. सरकारी इमारतीच्या खिडकीवर पत्रा असतो तसा.

हरळीच्या शेंड्याला तीन ते सहा बारीक बोटे फुटलेली दिसतात, पक्ष्याच्या पंजासारखी. नाचणीचे कणीस ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा पंजा ओळखीचा वाटेल. हा पंजा म्हणजे एक फूल नव्हे, तो फुलोरा आहे. शास्त्रात त्याला पुष्पबंध म्हणतात. एका बोटाच्या एका बाजूला दोन रांगांत हिरवट-जांभळे दाणे चिकटलेले असतात. त्यातला एक दाणा आम्ही टाचणीने सोडवला आणि भिंगाखाली धरला. हाच स्पाइकलेट. मराठीत कणिशक, म्हणजे छोटे कणीस.

इथे आमच्या कारकुनीचा उपयोग झाला. आम्ही मुलांना म्हटले, हे टपालासारखे समजा. एका मोठ्या पाकिटात लहान पाकीट, आणि लहान पाकिटात पत्र. बाहेरचे मोठे पाकीट म्हणजे बुडाशी असलेले दोन खवले. त्यांना तुष म्हणतात, इंग्रजीत ग्लूम. त्यांच्या आत दुसरे पाकीट, तेही दोन खवल्यांचे. बाहेरचा खवला बाह्य परितुष, म्हणजे लेमा. आतला खवला अंतःपरितुष, म्हणजे पॅलिया. आणि या दोघांच्या मध्ये पत्र, म्हणजे खरे फूल. हरळीच्या मोठ्या पाकिटात एकच लहान पाकीट असते. गव्हाच्या मोठ्या पाकिटात तीन, चार, पाचसुद्धा असतात. गव्हाची ओंबी जाडजूड दिसते ती त्यामुळे.

भिंगातून पाहताना एक मुलगा ओरडला, "काका, जांभळं काहीतरी लोंबतंय!" ते परागकोश होते. तीन. केसाएवढ्या दांडीवर लोंबणारे आणि वाऱ्याने थरथरणारे. शेजारून दोन पिसांसारखे तुरे बाहेर आलेले होते, ती कुक्षी. बाजूने बदलापूर लोकल धडधडत गेली, तिच्या वाऱ्याने आमचे दाणे हातातून उडाले. पण मुलीने पाहिले होते. ती काही बोलली नाही, वहीत आकृती काढू लागली.

अंबरनाथ : वालधुनीचा काठ आणि बोरू

अंबरनाथला पूर्वेला उतरून आम्ही शिवमंदिराकडे चालत गेलो. हे मंदिर शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातले, इसवी सन १०६० चे. कोरीव दगडांच्या फटींतही गवत उगवले होते. शेजारून वालधुनी वाहते. काकोळे गावच्या डोंगराकडून निघून अंबरनाथ, उल्हासनगर करीत ती कल्याणकडे जाते. या नदीची दशा आपण सारे जाणतो. २०१४ साली हिच्या पाण्यात रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास लागून रुग्णालयात न्यावे लागले होते. तरीही काठावर हिरवे होते.

इथे आमची एक चूक झाली. एका मुलाने तिथून झुपका उपटून आणला आणि आम्ही ऐटीत म्हटले, "हे बघा, दुसऱ्या जातीचं गवत." आजीने तो हातात घेतला, काडी बोटात फिरवली आणि म्हणाली, "हे गवत न्हाय बाबा, ह्यो लव्हाळा. गवताची काडी बोटात फिरती, ह्याची अडती."

आम्ही फिरवून पाहिली. खरोखर तीन धारा लागल्या. लव्हाळ्याची काडी तिधारी असते, आतून भरीव असते आणि तिला वर पेरे नसतात. गवताची काडी गोल, पेरे असलेली आणि बहुतेक वेळा मधून पोकळ. वनस्पतिशास्त्रात लव्हाळ्याचे कूळ वेगळे, गवताचे कूळ वेगळे. पुस्तकात हे अर्धे पान आहे. आजीने ते एका वाक्यात आणि बोटांच्या एका फेरीत सांगितले. मुलगी आजीकडे पाहतच राहिली. घरात रोज भाकऱ्या थापणारी आजी हे जाणते, याचा तिला पत्ताच नव्हता.

काठावर पुरुषभर उंचीचे नळगवत होते. त्याच्या कांडीचा पूर्वी बोरू करीत. तिरपा काप देऊन शाईत बुडवला की झाली लेखणी. त्यावरूनच कारकुनांना कुचेष्टेने बोरूबहाद्दर म्हणत. आम्ही हसत मुलांना म्हटले, "आमचा धंदाही शेवटी गवतावरच चालला म्हणायचा." या नळगवताच्या शेंड्याला मोठा पिसाऱ्यासारखा फुलोरा येतो.

मग झाडूचा विषय निघाला. आपल्या घरोघरी जो मऊ झाडू असतो, त्याला फूलझाडू का म्हणतात? तो एका डोंगरी गवताच्या फुलोऱ्यांची जुडी बांधून केलेला असतो. ईशान्य भारतात त्याची मोठी लागवड आहे. नवा झाडू आणला की काही दिवस त्यातून भुसा गळतो आणि आपल्या आयाबहिणी वैतागतात. तो भुसा म्हणजे त्या गवताची कणिशके. गवताला फूल असते का, असे विचारणारे आम्ही सगळे रोज सकाळी गवताच्या फुलांनीच घर झाडत होतो.

बदलापूर : भाताचे फूल आणि आजीचे शब्द

अंबरनाथ ते बदलापूर या टप्प्यात खिडकीतून पूर्वी माळ आणि शेते दिसत. आता इमारतींच्या रांगा दिसतात. मधे चिखलोलीकडे अजून थोडी हिरवळ आहे. आम्ही घाई करीत होतो, कारण भाताचे फूल पाहायचे तर सकाळच्याच वेळी. साधारण नऊ-दहापासून बारापर्यंत ते उघडते.

बदलापूर पूर्वेला उतरून कोंडेश्वरच्या वाटेला लागलो. गावे मागे पडली तशी डोंगराच्या पायथ्याची भातखाचरे आली. हळवे भात पिवळे पडत होते, पण खोल खाचरांतले गरवे नुकतेच निसवले होते. बांधावर उभ्या असलेल्या एका शेतकरी ताईंची परवानगी घेतली. त्यांनी आधी आमच्याकडे संशयाने पाहिले. शहरातली माणसे शेतावर आली की हल्ली जमीन विकत घ्यायलाच आलेली असतात. भाताचे फूल पाहायचे आहे, असे म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघा की. त्याला काय पैसे लागतात?"

आजी बांधावर टेकली आणि तिची शाळा सुरू झाली. "हे बघ पोरी, ह्याचं पोट फुगलंय. हे पोटरीत आलंय. बाळंतपण जवळ आलं म्हणायचं." पोटरी म्हणजे फुगलेले शेवटचे पर्णावरक, त्याच्या आत लोंबी दडलेली असते. "ही बाहेर आली, ही निसवली." लोंबीवरचा प्रत्येक हिरवा दाणा म्हणजे एक कणिशक, आणि भाताच्या कणिशकात एकच फूल. बाहेरची तुषे भातात नाममात्र उरलेली आहेत. आपण साळीचे तूस म्हणतो ते खरे तर परितुष, लेमा आणि पॅलिया. गिरणीत साळ भरडली की निघते ते तूस म्हणजे फुलाचे दोन दरवाजे.

साडेदहाच्या सुमारास हे दरवाजे उघडताना आम्ही पाहिले. आधी वाटले डोळ्यांचा भ्रम आहे. लोंबीच्या वरच्या बाजूचा एक दाणा चिरल्यासारखा झाला, फट रुंदावली आणि आतून फिकट पिवळे परागकोश बाहेर डोकावले. एक, दोन, मोजत गेलो तर सहा. हरळीला तीन, भाताला सहा. पाहता पाहता त्यांच्या दांड्या लांबल्या आणि ते खाली लोंबू लागले. मुलीने काडी हलकेच हलवली तर पिठासारखे काही उडाले. तेच पराग.

हे दार उघडते कसे? फुलाच्या बुडाशी दोन अगदी बारीक मांसल खवले असतात. त्यांचे नाव लघुतुष, म्हणजे लॉडिक्यूल. याच शब्दावर ती मुलगी वर्गात अडली होती. वेळ झाली की हे दोन खवले पाणी शोषून टम्म फुगतात आणि दोन्ही दरवाजांना आतून रेटा देतात. काम झाले की पाणी ओसरते, खवले चिमतात आणि दार मिटते. एका फुलाचा सारा सोहळा तास-दीड तासात आटोपतो. शास्त्रज्ञ असे मानतात की हे लघुतुष म्हणजे गवताच्या पूर्वजांच्या पाकळ्यांचे उरलेले रूप. म्हणजे गवताला पाकळ्या नाहीत असे नाही. त्या दिसायच्या सोडून दार उघडायच्या कामाला लागल्या आहेत.

आणि पाकळ्या दाखवायच्या कुणाला? गुलाबाला, कमळाला माशा, भुंगे, मधमाश्या बोलवाव्या लागतात. त्यासाठी रंग, वास आणि मध हवा. गवताचा सगळा व्यवहार बहुतेक वाऱ्यावर चालतो. वाऱ्याला रंग दिसत नाही, वास कळत नाही. म्हणून पराग हलके आणि पुष्कळ, परागकोश लोंबते, आणि कुक्षी पिसासारखी, उडते कण अडवायला जाळे लावल्यासारखी. भाताचे दरवाजे उघडताना पराग बहुधा त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात, म्हणून भात मुख्यतः स्वपरागी आहे. त्याचे पराग काही मिनिटेच जिवंत राहतात. ऐन फुलोऱ्यात जोराचा पाऊस झाला की दाणा भरत नाही. आजीने लगेच शब्द पुरवला, "पळिंज! तूस दिसतं, आत दाणा न्हाय."

मका मात्र निराळा. त्याचे नर आणि मादी वेगळे राहतात. शेंड्यावरचा तुरा नर, आणि कणसातून बाहेर येणारे रेशमी केस मादी फुलांचे. एक केस म्हणजे एक दाणा. भाजलेल्या कणसावर मधेच दाणे नसलेली जागा दिसते, तिथल्या केसांपर्यंत पराग पोचला नाही असे समजावे.

पराग कुक्षीवर पडला की आत दाणा धरतो. आधी पाणी, मग दूध, मग चीक, मग टणक. आपण ज्याला तांदळाचे बी म्हणतो ते शास्त्राच्या हिशेबाने फळ आहे. फळाची साल आणि बियाचे आवरण एकजीव झालेले असते. अशा फळाला सस्यफल म्हणतात. गहू, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी सस्यफले. जगात गवतांच्या सुमारे अकरा-बारा हजार जाती आहेत. त्यांतल्या मूठभर जातींच्या दाण्यांवर माणसाचे पोट चालते. आमच्या डब्यातली भाकरी म्हणजेही दळलेली गवताची फळे. मुलांनी ती त्या दिवशी जरा निरखून खाल्ली.

कुसळ

जेवण झाल्यावर उतारावर चढलो. तिथे डोंगरी गवत गुडघ्याच्या वर गेले होते आणि त्यात कुसळीचे थवे होते. "दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही," ही म्हण आपण उठता-बसता वापरतो, पण कुसळ हातात घेऊन पाहिलेली मुले आमच्यात एकही नव्हती.

काही फुलांच्या बाह्य परितुषाला शेपटासारखा लांब केस फुटतो. शास्त्रात त्याला शूक म्हणतात, आपण कूस म्हणतो. गव्हाच्या ओंबीवरची कुसे तीच. कुसळीत ही कुसे लांब, काळपट आणि दोरासारखी पीळ घातलेली असतात, आणि एकमेकांत गुंतून त्यांची वेणी होते. खालच्या टोकाला सुईसारखे अणकुचीदार बूड आणि त्यावर मागे वळलेले तपकिरी केस. आम्ही एक पिकलेले कुसळ मुलीच्या तळहातावर ठेवले आणि पाण्याचा थेंब सोडला. ते आपोआप गरगर फिरू लागले! मुले किंचाळलीच. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा भरतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने हे असे फिरत राहते आणि बी गिरमिटासारखे जमिनीत घुसते. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. ना नांगर, ना पेरणारा. बी स्वतःच पेरून घेते.

आजी कुसळीकडे पाहत उभी होती. मग ती बोलू लागली. तिचे माहेर मुरबाडकडचे. दिवाळीनंतर सगळे घर गवतकापणीला जायचे. पहाटे दव असताना कापायचे, कारण उन्हात कुसळे सुटतात आणि लुगड्यातून मांडीत शिरतात. तिने पदर सारून पोटरीवरचा जुना व्रण दाखवला. कापलेल्या गवताचे भारे डोक्यावरून वखारीवर न्यायचे. तिथे त्याच्या गाठी बांधल्या जायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. "वखारीवर एक मेहता बसायचा. शंभर भारं टाकलं की नव्वद लिहायचा. आम्हाला मोजता यायचं, पण त्यानं काय लिवलं ते वाचता यायचं न्हाय."

आम्ही गप्प झालो. तिला गवताची प्रत्येक जात ठाऊक होती, मेहत्याला एकही नव्हती. पण वही त्याच्या हातात होती. आम्ही आयुष्यभर वहीच लिहीत आलो आहोत, म्हणून ते आम्हाला जास्त लागले असेल.

ही एकट्या आजीची गोष्ट नाही. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूला, १९४५ साली वारली आदिवासींनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला होता. पाचशे रतल गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात या लढ्याची हकीकत आहे. ज्या गवताकडे आपण ढुंकून पाहत नाही, त्याच्या भाऱ्यासाठी माणसे मेली आहेत.

गवताची नावे कागदावर उतरवण्याचे कामही आपल्याकडे झालेले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्वित्झर्लंडचे धर्मगुरू फादर ब्लाटर आणि त्यांचे सहकारी मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ १९३५ साली निघाला. त्याच्या एक वर्ष आधी ब्लाटर वारले होते. पुढे २०१२ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने पोतदार, साळुंखे आणि यादव या अभ्यासकांचा महाराष्ट्रातील गवतांवरचा मोठा ग्रंथ काढला. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. आजीच्या शब्दांना तिथे किती जागा मिळाली असेल, असे मनात आले.

परतताना

उतरताना वाटेत ओढ्याकाठी आडवे झालेले गवत दिसले. पावसाळ्यातल्या पुराने झोपवलेले. पण प्रत्येक काडी पेराजवळ वाकून पुन्हा वर उठली होती. गवताची वाढ इतर झाडांसारखी केवळ शेंड्याला होत नाही. पेराजवळच, कांड्याच्या बुडाशी, वाढीची जागा असते. आडवे पडले की पेराची खालची बाजू जास्त वाढते आणि काडी वर वळते. गुरांनी खाल्ले, विळ्याने कापले तरी पाते पुन्हा येते ते यामुळेच. या भागाने २६ जुलै २००५ चा पूर पाहिला, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून सुमारे हजार प्रवासी सोडवावे लागले, तेही पाहिले. पूर ओसरल्यावर काठावर पहिले उभे राहते ते गवत.

गाडीत एका मुलाने विचारले, "काका, आपण पायाखाली किती गवत तुडवलं?" तेव्हा आम्ही त्यांना वर्षावासाची गोष्ट सांगितली. पावसाळ्यात भिक्खू फिरत तेव्हा हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. विनयपिटकात हे आले आहे. आजीला दुसरी गोष्ट सांगितली. संबोधीच्या आदल्या संध्याकाळी बोधिसत्त्वाला बसायला आठ मुठी गवत ज्याने दिले, तो सोत्थिय गवत वाहून पोट भरणारा माणूस होता. आजी म्हणाली, "म्हंजी आमच्यातलाच की!" आणि डब्यातली अनोळखी माणसेही हसली.

ती मुलगी सायन्समध्येच आहे. दुसऱ्या चाचणीत तिला वीसपैकी अकरा पडले. फार नव्हेत, पण ते तिचे आहेत. वर्गात तिने पुन्हा हात वर केला का, ते आम्ही विचारले नाही. मात्र तिने एक वही केली आहे. तीन रकाने आखलेली, आमच्या खतावणीसारखी. पहिल्या रकान्यात इंग्रजी नाव, दुसऱ्यात शास्त्रीय मराठी नाव, तिसऱ्यात आजीचा शब्द. लेमा, बाह्य परितुष, तूस. ऑन, शूक, कूस. नोड, पेर, पेर. लॉडिक्यूलपुढचा तिसरा रकाना रिकामा आहे. आजीने भिंगातून तो खवला पाहिला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "ह्याला आमच्यात नाव न्हाय. तूच ठेव."

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. घरात अशी आजी, आत्या, मावशी असेल, तिने कधी गवत कापले असेल, भात लावले असेल, तर एका रविवारी तिच्यासोबत मुलांना घेऊन कुठल्याही रुळाच्या, नाल्याच्या, माळाच्या कडेला जा. एक भिंग न्या. वही मुलांच्या हातात द्या, आणि आजीला बोलू द्या.